एका चिपची गोष्ट : जुने संगणक, त्यांच्या हार्ड डिस्क आणि फर्मवेअर

स्मरणिकेतील इतिहासाचा लेख म्हटला म्हणजे एखादी राजवट, एखादे प्राचीन विद्यापीठ किंवा एखाद्या समाजसुधारकाचे चरित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रस्तुत लेखात मात्र एका चिपचा इतिहास सांगावयाचा आहे. ही चिप बोटाच्या दीड-दोन पेरांएवढी, चोवीस पायांची. तिच्यात मावणारा मजकूर अवघा ८ किलोबाइट, म्हणजे छापील पुस्तकाची चार-पाच पाने म्हणा ना. परंतु ही चिप जुनी असेल, तर धडधाकट संगणकाला धडधाकट हार्ड डिस्क जोडूनही संगणक त्या डिस्कवरून सुरू होत नसे. आणि चिप बदलताच तोच संगणक त्याच डिस्कवरून बिनतक्रार चालू लागे. असे का होई, हे समजून घेण्यात मोठा बोध आहे. शिक्षणाच्या कार्यात पडलेल्या माणसांनी तर तो अवश्य घ्यावा असा आहे.

विषय वाटतो तेवढा दूरचा नाही. कोठल्याही शाळेच्या कोठीत डोकावून पाहा. देणगीदाखल आलेले, "हार्ड डिस्क चालत नाही" असा शेरा बसलेले संगणक तेथे धूळ खात पडलेले दिसतात. शेरा कोणी दिला, काय तपासून दिला, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. भंगारवाला येईपर्यंत ते तेथेच राहतात. त्यांतील काही खरोखरीच निकामी असतील. पण सर्वच तसे असतील काय? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते.

यंत्र जागे कसे होते?

संगणकाचे बटण दाबले म्हणजे प्रथम काय होते, ते पाहू. त्या क्षणी संगणकाच्या चालू स्मृतीत काहीही नसते. वीज गेली की ती स्मृती पुसली जाते. मग यंत्राला पहिली आज्ञा कोण देतो? ती आज्ञा एका कायम स्मृतीच्या चिपमध्ये कोरून ठेवलेली असते. या चिपला रॉम म्हणतात, आणि तिच्यातील आज्ञांच्या मालिकेला फर्मवेअर. वैयक्तिक संगणकात या मूळ फर्मवेअरचे नाव बायोस असे पडले. संगणकाचे अवयव तपासणे, स्मृती मोजणे, कळफलक व पडदा जागा करणे आणि शेवटी कोठल्या तबकडीवरून पुढचा कार्यक्रम वाचावयाचा हे ठरवणे, ही बायोसची कामे.

क्रमाने, पायरीपायरीने सांगितलेली कृती म्हणजेच अल्गोरिदम. हा शब्द नवव्या शतकात बगदाद येथे खलिफा मामूनच्या आश्रयाने काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला, हे आपल्या विद्यार्थ्यांना शिक्षक अभिमानाने सांगतात आणि ते यथार्थही आहे. परंतु अभिमानाबरोबर त्यातील मर्मही सांगितले पाहिजे. पायऱ्या ज्या लिहिल्या तेवढ्याच यंत्र चढते. जी पायरी लिहिलेली नाही, ती त्याच्या दृष्टीने जगात नाहीच. आपल्या चिपची सारी कथा या एका वाक्यात आहे.

१९८१ चा संगणक

हार्ड डिस्क ही वस्तू तशी जुनी. आयबीएम कंपनीने १९५६ साली रॅमॅक नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या डिस्कमध्ये चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या अवाढव्य यंत्रात केवळ ५० लक्ष अक्षरे मावत. पुढे चोवीस वर्षांनी, १९८० साली, अमेरिकेतील शुगार्ट टेक्नॉलॉजी या कंपनीने सव्वापाच इंची तबकड्यांची एसटी-५०६ ही ५ मेगाबाइटची डिस्क तयार केली. हीच कंपनी पुढे सीगेट या नावाने प्रसिद्धी पावली. म्हणजे १९८० साली टेबलावरील संगणकात बसेल अशी हार्ड डिस्क अस्तित्वात होती, पण तिची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरची होती.

अशा वेळी १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याचा क्रमांक ५१५०. फ्लोरिडा राज्यातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला. इंटेल ८०८८ हा त्याचा प्रोसेसर. मूळ पाटावर स्मृती १६ ते ६४ किलोबाइट. जोडकार्डांसाठी पाच खाचा. आणि सर्वांत साध्या नमुन्याची किंमत १,५६५ डॉलर. या साध्या नमुन्यात फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा नव्हता! मजकूर साठवण्यासाठी गाणी ऐकण्याचा कॅसेट रेकॉर्डर जोडावा, अशी सोय होती. ज्याची ऐपत असेल त्याने १६० किलोबाइटची फ्लॉपी घ्यावी. हार्ड डिस्कचा कोठे उल्लेखही नव्हता.

या संगणकाच्या रॉममध्ये एकूण ४० किलोबाइट मजकूर होता. पैकी ३२ किलोबाइट बेसिक भाषेसाठी आणि उरलेले ८ किलोबाइट बायोससाठी. सुरू होण्याची रीत अशी : तपासणी संपली की बायोसने पहिल्या फ्लॉपीचा पहिला भाग वाचावयाचा. तो मिळाला तर त्याच्या हाती कारभार सोपवावयाचा. न मिळाला तर चिपमधील बेसिक भाषा सुरू करावयाची. तिसरी वाट लिहिलेलीच नव्हती.

आता कोणी या संगणकात हार्ड डिस्कचे कार्ड बसवले तर काय होईल? कार्ड चांगले, डिस्क चांगली, तारा बरोबर. डिस्क गरगर फिरू लागेल, कारण तिला वीज मिळते आहे. परंतु संगणक मात्र फ्लॉपीकडे पाहील आणि फ्लॉपी नसेल तर बेसिक सुरू करून स्वस्थ बसेल. पडद्यावर चूक दाखवणारा आकडा नाही, कसलीही तक्रार नाही. वाचकहो, येथे जरा थांबावे. चूक दाखवण्यासाठीसुद्धा आधी विचारपूस करावी लागते. आणि या बायोसला विचारपूस करण्यास कोणी शिकवलेच नव्हते. हजेरीपटावर ज्या विद्यार्थ्याचे नाव नाही त्याला गैरहजर तरी कोण ठरवणार? तो वर्गात बसलेला असतो, पण मास्तरांच्या लेखी तो नसतोच.

त्या काळात काही कंपन्यांनी ५१५० साठी हार्ड डिस्क विकल्या. त्या वापरण्यासाठी प्रथम फ्लॉपी घालून संगणक सुरू करावा, फ्लॉपीवरून डिस्कचा ड्रायव्हर स्मृतीत आणावा आणि नंतर डिस्क वापरावी, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. लाखमोलाची डिस्क दारात उभी, आणि दार उघडण्यासाठी रोज फ्लॉपीची किल्ली!

२७ ऑक्टोबर १९८२

५१५० च्या बायोसच्या तीन आवृत्त्या झाल्या. प्रत्येकीत तिची तारीख अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना, दिवस, वर्ष या क्रमाने नोंदलेली आहे. पहिली २४ एप्रिल १९८१ ची, दुसरी १९ ऑक्टोबर १९८१ ची आणि तिसरी २७ ऑक्टोबर १९८२ ची. या तिसऱ्या आवृत्तीत दोन महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. पहिल्या दोन आवृत्त्यांना ५४४ किलोबाइटपेक्षा जास्त स्मृती ओळखता येत नसे. तिसरीला ६४० किलोबाइटपर्यंतची स्मृती ओळखता येऊ लागली. दुसरी सुधारणा आपल्या विषयाची : बायोस आता जोडकार्डांची हजेरी घेऊ लागले.

ही हजेरी कशी घेतली जाते ते पाहण्यासारखे आहे. ८०८८ प्रोसेसरला एकूण १० लक्ष ४८ हजार ५७६ पत्ते ठाऊक असतात. त्यांतील वरच्या भागात काही जागा जोडकार्डांवरील रॉमसाठी राखून ठेवलेली असते. हार्ड डिस्कच्या कार्डावरील रॉमचा नेहमीचा पत्ता सोळाच्या पटीच्या अंकपद्धतीत सी८००० असा लिहितात. नवे बायोस या राखीव भागातून दर २ किलोबाइटला एक पाऊल टाकीत जाते आणि प्रत्येक पावलाला पाहते की येथे ५५ आणि एए या दोन खुणा लागोपाठ आहेत काय. दोन या अंकपद्धतीत लिहिल्या तर या खुणा म्हणजे शून्य-एक, शून्य-एक आणि एक-शून्य, एक-शून्य अशा एकमेकींच्या उलट माळा होत. खूण सापडली की तिसऱ्या अंकावरून त्या रॉमची लांबी कळते. मग बायोस त्यातील सर्व अंकांची बेरीज करते. बेरजेला २५६ ने भागून बाकी शून्य आली तर मजकूर शाबूत आहे असे समजावयाचे. वहीखात्याचा ताळा पाहावा तसाच हा प्रकार. ताळा जुळला म्हणजे बायोस काही क्षण कारभार त्या कार्डाच्या हाती देते आणि जणू विचारते, "बाबा रे, तू कोण? तुझे काम काय ते सांग."

हार्ड डिस्कचे कार्ड या संधीचा उपयोग करून घेते. तबकडी वाचण्याची जी सेवा बायोसमध्ये होती, तिच्या जागी ते स्वतःची सेवा बसवते. फ्लॉपीची जुनी सेवा बाजूला सरकवून शाबूत ठेवते. आणि संगणक सुरू करण्याची रीतही बदलते. आधी फ्लॉपी पाहा, फ्लॉपी नसेल तर हार्ड डिस्क पाहा, आणि तीही नसेल तरच बेसिक, अशी नवी परंपरा सुरू झाली. मूळ बायोसला हार्ड डिस्कविषयी काहीही माहिती नाही. त्याला एवढेच कळते की नवा आलेला कोणी असेल तर त्याला विचारावे. तेवढ्याने सारे काम झाले.

पुढे ८ मार्च १९८३ रोजी आयबीएमने एक्सटी हा संगणक जाहीर केला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि तिचे कार्ड घातलेलेच होते, व बायोस हजेरी घेणारे होते. त्याचबरोबर जुन्या ५१५० ला हार्ड डिस्क जोडता यावी म्हणून ५१६१ क्रमांकाची वेगळी जोडपेटीही आली. परंतु ती जोडावयाची तर ५१५० मध्ये तिसऱ्या आवृत्तीचे बायोस हवे. म्हणून आयबीएमने जुन्या ग्राहकांसाठी ही चिप वेगळी विकण्याची व्यवस्था केली. जुनी चिप काढावी, नवी बसवावी. संगणक तोच, पण आता तो नवागताची विचारपूस करणारा झाला. आज ज्याला आपण फर्मवेअर अपग्रेड म्हणतो, त्याचे हे आरंभीचे व अतिशय स्वच्छ उदाहरण होय.

उपाय शक्य झाला तो कशामुळे?

हा उपाय दोन गोष्टींमुळे शक्य झाला. पहिली गोष्ट म्हणजे ती चिप पाटाला डाक देऊन कायमची चिकटवलेली नव्हती. ती सॉकेटमध्ये बसवलेली होती. ज्यांनी संगणक घडवला त्यांनी आपल्या कामात उद्या सुधारणा करावी लागेल, हे गृहीत धरले होते. "आम्ही केले ते अखेरचे" असा ताठा त्यांनी धरला नाही.

दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. आयबीएमने या संगणकाचे तांत्रिक माहितीपुस्तक विक्रीस ठेवले आणि त्यात बायोसची आज्ञावली स्पष्टीकरणांसह ओळीन् ओळ छापली. तिचे हक्क कंपनीचेच होते. नक्कल करण्यास मुभा नव्हती. परंतु वाचण्यास बंदी नव्हती. कार्ड बनवणाऱ्याला बायोस काय विचारते आणि त्याला काय उत्तर द्यावे, हे त्यातून कळले. आज चाळीस वर्षांनंतरही एखादा जिज्ञासू विद्यार्थी ते पुस्तक उघडून अमुक यंत्र हार्ड डिस्क का ओळखत नाही, याचे कारण स्वतःच्या डोळ्यांनी वाचू शकतो. इल्म कुलुपात ठेवण्याची वस्तू नाही, असे आपण सभांतून सांगतो. ते खरे कसे ठरते, हे या पुस्तकाने दाखवले आहे.

भारतातील अनुभव थोडा वेगळा. आयबीएमने १९७८ साली आपला भारतातील कारभार आवरला होता, त्यामुळे येथे प्रामुख्याने त्या धर्तीवर इतरांनी बनवलेले संगणक पसरले. शाळांत १९८४ पासून केंद्र सरकारच्या क्लास योजनेत ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक आले. गंमत अशी की तेथेही तत्त्व तेच होते. बीबीसी मायक्रोला हार्ड डिस्क जोडावयाची तर तिची भाषा जाणणारी एडीएफएस नावाची रॉम चिप आत सॉकेटमध्ये बसवावी लागे. देश निराळा, कंपनी निराळी. प्रश्न एक आणि उत्तरही एक.

एक कुंपण ओलांडले की दुसरे

वाचकांस वाटेल की १९८२ साली प्रश्न सुटला. तसे झाले नाही. ऑगस्ट १९८४ मध्ये आयबीएमने एटी हा संगणक आणला. त्यात हार्ड डिस्कची माहिती मूळ बायोसमध्येच एका तक्त्यात लिहिली होती. पहिल्या आवृत्तीच्या तक्त्यात १४ प्रकारच्या डिस्क होत्या. आपली डिस्क तक्त्यात असेल तर ठीक. नसेल तर ती पूर्णपणे वापरता येत नसे. पुढील आवृत्त्यांत तक्ता वाढवावा लागला. म्हणजे पुन्हा चिप बदलणे आले.

त्यानंतरचे कुंपण ५२ कोटी ८४ लक्ष ८२ हजार ३०४ बाइटचे. हा विचित्र आकडा कोठून आला? डिस्कवरील जागा सांगण्यासाठी सिलिंडर, हेड व सेक्टर असे तीन आकडे देत. बायोसच्या रीतीत सिलिंडर १,०२४ पर्यंत, हेड २५६ पर्यंत आणि सेक्टर ६३ पर्यंत चालत. आयडीई डिस्कच्या रीतीत सिलिंडर ६५,५३६ पर्यंत चालत, पण हेड १६ पर्यंतच. दोघांनाही मान्य अशी मर्यादा काढावयाची तर प्रत्येक बाबतीत लहान आकडा घ्यावा लागे : १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३, आणि प्रत्येक सेक्टरात ५१२ बाइट. दोन्ही कार्यालयांचे नियम आपापल्या जागी उदार. पण अर्ज दोन्हीकडून मंजूर व्हावयाचा म्हटल्यावर वाट अरुंद झाली. १९९० नंतरच्या दशकात बायोसला या दोन रीतींमधील भाषांतर शिकवले गेले आणि मर्यादा सुमारे ८४५ कोटी बाइटवर, म्हणजे ८.४ गिगाबाइटवर गेली. पुढे हे तीन आकडे सोडून सेक्टरांना सरळ शून्य, एक, दोन असे क्रमांक देण्याची पद्धत आली.

तरीही कुंपणे उगवतच राहिली. १९९९ च्या सुमारास काही संगणकांना ३३.८ गिगाबाइटपेक्षा मोठी डिस्क जोडली की ते सुरू होतानाच गोठून जात. डिस्क काढली की ठीक, जोडली की ठप्प. कित्येकांनी चांगल्या डिस्क दुकानदाराला परत केल्या असतील! दोष बायोसच्या हिशेबात होता आणि नवे बायोस घातले की तो जाई. त्यानंतर १३७ गिगाबाइटचे कुंपण आले, कारण सेक्टरांच्या क्रमांकासाठी २८ घरेच राखली होती. २००२ च्या नव्या प्रमाणानुसार ती ४८ करण्यात आली.

या काळात चिप बदलण्याची रीतही पालटली. इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये ईप्रॉम ही पुन्हा लिहिता येणारी चिप पुढे आणली. तिच्या पाठीवर काचेची खिडकी असते. त्यातून अतिनील किरण पाडले की जुना मजकूर पुसला जातो. पुढे तोशिबामधील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती मांडली. १९९० नंतर ती मदरबोर्डवर येऊ लागली आणि चिप न काढता केवळ फ्लॉपीवरून नवे बायोस लिहिता येऊ लागले. सोय वाढली, तसा धोकाही वाढला. लिहिण्याचे काम अर्ध्यावर असताना वीज गेली तर संगणक पहिल्या आज्ञेलाच मुकतो.

आज हे काम करावयाचे झाल्यास

आजही जगभर हौशी मंडळी हे जुने संगणक जतन करतात. जुन्या हार्ड डिस्क आता दुर्मीळ झाल्या आहेत, म्हणून त्यांच्या जागी कॅमेऱ्यात वापरतात तसली कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डे बसवतात. त्यासाठी एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोस नावाचे फर्मवेअर हौशी जाणकारांनी लिहून सर्वांसाठी मोफत खुले केले आहे. ते एका लहान रॉममध्ये घालून जोडकार्डावर बसवतात. नेटवर्क कार्डावरील रिकाम्या रॉम सॉकेटमध्येही ते चालते. परंतु ५१५० मध्ये १९८१ चे बायोस असेल तर हे नवे कार्डही मुके राहते! कारण तेच जुने : हजेरी घेणाराच नाही. म्हणून आधी २७ ऑक्टोबर १९८२ ची चिप, आणि मगच बाकीचे.

आपल्या शाळेत असा जुना संगणक असेल आणि त्याची डिस्क सुरू होत नसेल, तर घाईने शेरा मारू नये. पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम वीज पाहावी. ५१५० चा वीजपुरवठा फक्त ६३.५ वॅटचा आहे, तर एक्सटीचा १३० वॅटचा. जुन्या जड डिस्कला फिरू लागताना जास्त वीज लागते, व ती न मिळाल्यास कोठलेही फर्मवेअर उपयोगाचे नाही.

दुसरे, बॅटरी पाहावी. एटी व त्यानंतरच्या संगणकांत डिस्कचा प्रकार बॅटरीवर जपलेल्या स्मृतीत असतो. बॅटरी संपली की संगणक डिस्क विसरतो. येथे चिप बदलण्याचे कारण नाही. बॅटरी बदलून माहिती पुन्हा भरावी.

तिसरे, पडद्यावरील आकडा वाचावा. एक्सटीवर १७०१ आला तर हार्ड डिस्क किंवा तिच्या कार्डाची तपासणी झाली व ती फसली, असा अर्थ होतो. म्हणजे विचारपूस झाली आहे. तारा, कार्ड, डिस्क यांच्याकडे वळावे. आकडा न येता डिस्ककडे नुसते दुर्लक्ष होत असेल, तर बायोसची तारीख पाहावी.

ती पाहणे सोपे आहे. फ्लॉपीवरून डॉस सुरू करून डीबग हा कार्यक्रम चालवावा आणि डी या अक्षरापुढे एफ०००:एफएफएफ५ हा पत्ता द्यावा. पडद्याच्या उजव्या बाजूस तारीख अक्षरांत उमटते. १०/२७/८२ दिसली तर बायोस योग्य आहे. ०४/२४/८१ किंवा १०/१९/८१ दिसली तर तेथेच निदान झाले.

चिप बदलावयाची असेल तर ५१५० च्या पाटावर यू३३ असे लिहिलेले सॉकेट शोधावे. ते चोवीस पायांचे असते, म्हणून बाजारात सहज मिळणारी अठ्ठावीस पायांची ईप्रॉम त्यात सरळ बसत नाही. मोटोरोलाची ६८७६६ या क्रमांकाची चिप चालते, अथवा मध्ये जोडपट्टी घालावी लागते. एक्सटीची चिप ५१५० मध्ये घालू नये. वीज काढूनच काम करावे. चिपच्या एका टोकाची खाच सॉकेटच्या खाचेशी जुळवावी, पाय वाकू देऊ नयेत, आणि ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे उन्हाने मजकूर पुसला जाणार नाही. काढलेली जुनी चिप फेकू नये. तारीख लिहून जपून ठेवावी. तीही इतिहासाचा दस्तऐवज आहे.

शेवटी दोन शब्द

वाचक बंधु-भगिनींनो, ही सारी हकिगत सांगण्यामागे जुन्या यंत्रांची हौस एवढाच हेतू नाही. आपण शिक्षणसंस्था चालवतो. आपल्या दाराशी दरवर्षी नवी मुले येतात. कोणाच्या घरात दखनी किंवा उर्दू बोलतात, कोणाच्या घरात कोकणी. कोणाच्या घरात यापूर्वी शाळेची पायरी कोणी चढलेलेच नसते. त्यांतील एखादे मूल वर्गात गप्प राहते, आणि आपण "याचे डोके चालत नाही" असा शेरा लिहून मोकळे होतो. अशा वेळी स्वतःला विचारावे की त्या मुलाची विचारपूस करण्याची पायरी आपल्या रीतीत लिहिलेली आहे काय? की आपलाच हजेरीपट १९८१ चा आहे?

दुसरे असे की आपल्या संस्थांतून दुरुस्तीची विद्या शिकवली पाहिजे. संगणकाचा वर्ग म्हणजे तयार कार्यक्रमांवर बोटे फिरवणे एवढाच अर्थ होऊन बसला आहे. एखादा निकामी ठरलेला संगणक टेबलावर मांडावा, मुला-मुलींना त्याभोवती बसवावे आणि हा का सुरू होत नाही ते शोधा, असे सांगावे. वीज, बॅटरी, आकडा, तारीख या क्रमाने ती शोधत जातील. यंत्र सुरू झाले तर आनंदच आहे. न झाले तरी कारण शोधण्याची सवय लागेल, आणि ही सवय कोठल्याही प्रमाणपत्राहून अधिक काळ टिकते. जे सापडेल ते वहीत लिहून ठेवण्याची शिस्तही लावावी, म्हणजे पुढच्या तुकडीला पुन्हा पहिल्या पायरीपासून चाचपडावे लागणार नाही.

ज्या धर्माची पहिली आज्ञा वाचण्याची आहे, त्याच्या अनुयायांना हे वेगळे सांगावयास नको. संगणकसुद्धा जागा होताच पहिले काम वाचण्याचेच करतो. आपल्या संस्थांच्या कोठीत पडलेल्या यंत्रांकडे आणि वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलांकडे आपण पुन्हा एकदा नीट पाहावे, शेरा मारण्यापूर्वी कारण शोधावे, एवढीच नम्र विनंती. अल्लाहतआला आपणा सर्वांना इल्मची गोडी आणि ते वाटून देण्याची बुद्धी देवो. आमीन.